इस्तारीच्या गाडीचा नंबर

"मनसाराम, आपलं खातं मोटारी कधीपासून बनवायला लागलं?"

रेंजर साहेबांनी असं विचारलं तेव्हा मला वाटलं, साहेब गंमत करताहेत. मी हसलो. मग पाहिलं, तर आमच्या ऑफिसातले बाबू गुणवंतराव मान खाली घालून दौतीत टाक बुडवत बसले होते, आणि समोर लिहायला कागदच नव्हता. माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

"वाचा हो गुणवंतराव. ऐकू द्या याला."

गुणवंतरावांनी लिफाफ्यातून कागद काढला. मोटारींची नोंदणी करणाऱ्या ऑफिसातून तो आला होता. इंग्रजीत होता, म्हणून ते एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. मोहटोला गावचा इस्तारी नावाचा इसम स्वतः बनवलेल्या तीनचाकी गाडीची नोंदणी मागतो. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर आणि त्यावरची खूण जंगल खात्याची दिसते. तरी सदर गाडी आपल्या खात्यानं कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या साली तयार केली, याचा खुलासा पंधरा दिवसांत यावा.

"कारखाना!" साहेब म्हणाले. "इथे टेबलाचा पाय बसवायला मला सुतार मिळत नाही."

कोणी हसलं नाही. साहेबांनी खुर्ची मागे सारली.

"शिक्क्याचा हातोडा कोणाच्या ताब्यात असतो?"

"माझ्याच, साहेब."

"मग आपला शिक्का त्या गाडीवर गेला कसा, ते परवा सकाळी सांग. मी मोहटोल्याला येतोय. पंचनामा होईल."

माझी पाचावर धारण बसली. कारण तो शिक्का तिथे कसा गेला हे मला चांगलं ठाऊक होतं. मीच मारला होता. आणि चोरूनलपून नाही, दिवसाढवळ्या, नारळ फोडून.

हे पंचावन्न सालचं. मी तेव्हा जंगल खात्यात नाकेदार होतो. सिंदेवाहीच्या रस्त्यावर आमचा नाका, नाक्याला लागून लाकडाचा डेपो आणि डेपोमागे माझं दोन खोल्यांचं सरकारी घर. ज्यानं जंगलात दिवस काढले नाहीत त्याला हातोड्याचं महत्त्व कळायचं नाही, म्हणून सांगतो. डेपोत आलेल्या प्रत्येक सागवानी लाकडावर सरकारी हातोड्यानं खूण ठोकायची, खाली नंबर ठोकायचा, आणि तो रजिस्टरात चढवायचा. खूण असलेलं लाकूड पास घेऊन खुशाल न्यावं. बिनाखुणेचं, बिनापासाचं रस्त्यात दिसलं की पकडावं. मी नंबर मोठ्यानं पुकारून घाव घातला की हमाल एका सुरात म्हणत, "झाला!" त्या "झाला"शिवाय मी रजिस्टरात आकडा लिहीत नसे. एकोणीस वर्षं हेच केलं. साहेब बदलले, इंग्रज गेला, मालगुजार गेले, हातोडा माझ्याकडेच राहिला. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? माझी बायको रुखमाबाई म्हणायची, "हातोडा नाई, तुमाले पोरगाच झाला हाये तो."

आणि इस्तारी म्हणाल, तर तो ढिवर. मोहटोल्याच्या तलावावर त्यांची वीसेक घरं. बाकीचे जाळं टाकण्यात तरबेज, याचं मन मात्र लहानपणापासून लोखंडात. सिंदेवाहीच्या एका राईस मिलमध्ये तो इंजिनवर कामाला लागला. सात वर्षं नेकीनं राबला. एके दिवशी इंजिनच्या पट्ट्यात धोतराचा सोगा गेला, आणि सोग्यामागून डावा पाय. गुडघ्याखाली काही उरलं नाही. शेठनं दवाखाना केला, आणि मिलच्या मागे लढाईच्या लिलावातली एक मोडकी मोटारसायकल पडली होती, ती याला देऊन हात झटकले. लंगड्या माणसाला मोटारसायकल! दिलदारी म्हणावी की थट्टा, मला अजून कळलेलं नाही.

पण इस्तारीनं ती घेतली. बैलबंडीत घालून गावी आणली आणि दोन वर्षं तिच्यापुढे बसून राहिला. इंजिन सुरू केलं. मागे दोन चाकांचा आस बसवला, साखळी जोडली. हँडल तेच, पुढचं चाक तेच. सगळ्यात मोठी अडचण सांगाड्याची. लोखंडी सांगाडा त्याला कोण देणार? त्याच्या आजानं बांधलेलं जुनं घर पडलं होतं, त्याच्या सागवानी तुळया होत्या. शंभर वर्षांचं लाकूड, वाळवीनं तोंड लावलं नव्हतं. त्या चिरून त्यानं सांगाडा केला आणि कोपऱ्याकोपऱ्याला लोखंडी पट्ट्या मारून नटबोल्टनं असा आवळला की चार माणसं वर नाचली तरी कुरकुरला नसता. मागे मासळीच्या चार टोपल्या मावतील एवढी पेटी. ब्रेक हातानं दाबायचे, कारण पाय एकच.

हे सगळं कशासाठी, तर नऊ मैलांवरच्या स्टेशनासाठी. तलावातली मासळी पहाटे निघते. सिंदेवाहीहून छोट्या रेल्वेगाडीनं ती नागपूरकडे गेली तर तिचा पैसा, नाहीतर दुपारपर्यंत ती मांजरानंही खाऊ नये. इस्तारीचा पाय गेल्यापासून त्याची बायको गोकुळा टोपली डोक्यावर घेऊन रोज नऊ मैल जायची आणि नऊ मैल यायची. डोक्याच्या मधोमध तिचे केस झडून गेले होते. पदर घ्यायची तेव्हा दिसत नसे, पण इस्तारीला दिसत होतं.

"भाऊ," तो मला एकदा म्हणाला होता, "घरी बसून जाळे शिवतो अन् बायकोच्या डोक्यावरचं वझं खातो. घासच उतरत नाई गा. एक डाव तिच्या डोक्यावरची टोपली खाली उतरली न, मंग मले दुसरं काई नोको."

एवढंच त्याचं मागणं होतं. गाडी तयार झाली. पण नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर पोलीस धरतो, हे त्याला माहीत होतं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, जंगलातल्या रस्त्यावर कोण विचारतो? इस्तारी तसा नव्हता. मिलमध्ये राहून त्याला कागदाचा धाक बसला होता.

मोटारीचे इन्स्पेक्टर तीन महिन्यांतून एकदा सिंदेवाहीच्या डाकबंगल्यावर यायचे. गाडी रस्त्यावरून न्यायची नाही आणि तपासायला तर न्यायला पाहिजे. मग काय, मोहटोल्याच्या ढिवरांनी बैल जुंपून ती ओढत नेली! पहिल्या खेपेला इन्स्पेक्टरांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि यादी दिली. दोन वेगवेगळे ब्रेक पाहिजेत. भोंगा पाहिजे. पुढे दिवा, मागे लाल दिवा. मागचं दिसायला आरसा. रिकाम्या गाडीच्या वजनाचा दाखला. इस्तारीनं तीन महिन्यांत सगळं केलं. आरसा गोकुळाच्या माहेरचा होता.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो, फॉर्म भरायला. इन्स्पेक्टर म्हणजे वाईट माणूस नव्हे हो. नियमाचा माणूस.

"कंपनी कोणती?" त्यांनी विचारलं.

"कंपनी नाई जी," इस्तारी म्हणाला. "मी अन् माही बायको."

इन्स्पेक्टर हसले. मग हसू आवरून म्हणाले, "हे बघ, ब्रेक मी पाहिले, उत्तम आहेत. माझ्या जीपपेक्षा बरे आहेत. पण चासीवर, म्हणजे या सांगाड्यावर, नंबर नाही. इंजिनवर आहे, चासीवर नाही. नंबराशिवाय मी या रकान्यात काय लिहू? ठोकीव नंबर पाहिजे, रंगानं काढलेला नको. पुढच्या वेळी ठोकून आण, पास करतो."

चार दिवसांनी इस्तारी कुबडी टेकत नाक्यावर आला.

"भाऊ, असा नंबर कोन ठोकून देते?"

"मोटारीचा नंबर कंपनी ठोकते."

"कंपनी तं मीच हावो. माह्यापाशी कुठचा नंबर?"

इथे माझी अक्कल शेण खायला गेली. मी म्हणालो, "लाकडावर नंबर ठोकाचा हक या मुलखात कोनाले हाये, सांग बरं?"

त्यानं कुबडी भिंतीला टेकवली. "पन तो जंगलाचा नंबर, भाऊ. मोटारीले चालन का?"

"काऊन नाई चालन? तुही चासी कायची हाये?"

"सागवानाची."

"मंग! अन् सरकार का दोन असतेत बे? जंगलाचं अन् मोटारीचं सरकार एकच. सरकारी नंबर म्हनजे सरकारी नंबर."

मला ते त्या वेळी शंभर टक्के पटलं होतं. आजही कधीकधी वाटतं, त्यात चूक काय होतं? पुढच्या रविवारी मी हातोडा पंच्यात गुंडाळून मोहटोल्याला गेलो. ढिवरांची सगळी घरं जमली. गोकुळानं गाडीला कुंकू लावलं, नारळ फुटला. मी खाकी टोपी नीट केली, डेपोत पुकारतो तसा नंबर पुकारला आणि घाव घातला. बायापोरांसकट सगळे ओरडले, "झाला!" गोकुळानं माझ्या पायाला हात लावला. असा मान मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळाला नाही.

नंबर मी रजिस्टरात नसलेला दिला होता. आणि नंतर रजिस्टरात लिहिलाही नाही. म्हणजे आत कुठेतरी मला कळत होतं.

तिसऱ्या खेपेला इन्स्पेक्टरांनी नंबर उतरवून घेतला. "कागद येईल," म्हणाले. इस्तारी कागदाची वाट पाहत बसला. इंजिन जाम होऊ नये म्हणून दर रविवारी सुरू करायचा आणि आवाज ऐकून बंद करायचा. कागद आला, पण त्याच्याकडे नाही. रेंजर साहेबांच्या टेबलावर.

त्या दिवशी घरी आलो आणि रुखमाबाईला सगळं सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती. तिचा हात थांबला नाही.

"कबूल केलं तं काय होईन?"

"नोकरी जाईन. घर सरकारी, तेबी जाईन. पेन्शन गेली."

"अन् नाई केलं तं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा प्रकार.

ती म्हणाली, "जाऊन या त्याच्या घरी. पन सांगून ठेवतो, तिथी भोळेपनानं काई कबूल करून येऊ नोका. एकोणीस वर्सं हायेत. मी झाडाखाली राहाले तयार हावो, तुमी राह्यसान का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोहटोल्याला गेलो. तीन मैलांचा रस्ता. चालताना मनाशी घोकत होतो की इस्तारीला सांगायचं, बाबा, चूक माझी, मी साहेबांपुढे तोंड उघडतो, तू घाबरू नको. अगदी शब्द ठरवले होते. त्याच्या ओसरीवर बसलो, पाणी प्यालो, आणि तोंडातून निघालं, "उद्या सकाळी साहेब येऊन राह्यले. तू काय सांगशीन?"

पाहा! काय ठरवलं होतं आणि काय निघालं.

मग सगळं सांगितलं. इस्तारी जाळं शिवत होता. सुई दोनचार वेळा आरपार गेली. गोकुळा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"म्हनजे गाडी पास नाई होत?" तिनं विचारलं.

"गाडीचं मंग पाहू, वो," इस्तारी म्हणाला. "आंदी भाऊचं पाहू." आणि माझ्याकडे वळून, "तुमी कायले चिंता करता? मी सांगतो, शिक्का म्याच बनवला. मिलमधला तुटका लोखंडाचा तुकडा घेतला अन् कानस मारून बनवला. माह्या हातानं असं होते, हे साऱ्याइले ठाऊक हाये. कोनी नाई म्हननार नाई."

"खोटं बोलसान?" गोकुळा म्हणाली.

"भाऊनं आपल्यासाठी केलं. आपन मांगतलं म्हनून केलं."

सरकारी शिक्का खोटा बनवला तर दोन वर्षांपर्यंत सजा. कलम मला पाठ होतं, खात्याच्या परीक्षेत मी ते लिहिलं होतं. इस्तारीला ते माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, साहेब चार शिव्या देतील, गाडी महिना-दोन महिने अडकेल. मी त्याला सांगितलं नाही. उठलो, आणि जाताना म्हणालो, "पाहून घेजो, बापू." लाज वाटत नव्हती असं नाही. लाज वाटत होती आणि पाय घराकडे चालत होते.

सकाळी साहेब आले, गुणवंतराव आले, दोन पंच बोलावले. गाडी अंगणात उभी होती, पुसून लख्ख. साहेब उकिडवे बसले आणि अंगठा शिक्क्यावरून फिरवला.

"कोणी मारला हा?"

"म्या, जी." इस्तारी कुबडीवर उभा होता.

"हातोडा?"

"घरीच बनवला."

"कुठे आहे?"

"तलावात टाकला जी. भेव वाटला म्हनून."

साहेब तलावाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या हातोड्यावरच्या खुणेच्या गोलाला एका बाजूनं टवका गेलेला आहे. या शिक्क्यालाही गेलेला आहे. तू तोही पाडलास?"

"पाडला जी," इस्तारी म्हणाला. "हुबेहूब पायजे होता."

गुणवंतरावांना खोकला आला. साहेब उठले, मला हातानं खूण केली आणि चिंचेच्या झाडाखाली घेऊन गेले. आजूबाजूला कोणी नव्हतं. आमच्या मुलखाबाहेरचे असले तरी साहेब माणूस समजणारे होते.

"मनसाराम, तुला मला काही सांगायचं आहे?"

एवढा सोपा प्रश्न. पुरतं अर्धं मिनिट ते थांबले असतील. त्या अर्ध्या मिनिटात मला माझं घर दिसलं, चूल दिसली, रुखमाबाईची परात दिसली. चिंचेवर पोपट कलकलत होते.

"नाही, साहेब."

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि थुंकले.

अंगणात परत येऊन ते खाटेवर बसले. हळू आवाजात, गुणवंतराव आणि मी एवढ्यांनाच ऐकू जाईल असं बोलले. "शिक्का खोटा आहे असं लिहिलं तर हा लंगडा दोन वर्षं आत जाईल. खरा आहे असं लिहिलं तर या मनसारामची नोकरी जाईल आणि माझ्या नावावर शेरा येईल. तेव्हा शिक्का लिहायचाच नाही. बिनापासाचं सागवान सापडलं, एवढंच लिहा. लाकूड सरकारजमा. लोखंड आपलं नाही, ते त्याचं त्याला द्या. मोटार ऑफिसला कळवा की आमच्या खात्यानं अशी गाडी बनवलेली नाही आणि सदर गाडी आता अस्तित्वात नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. साहेब सुटले, मी सुटलो, इस्तारीही तुरुंगातून सुटला. सगळे सुटले आणि गाडी तेवढी गेली.

गोकुळाला मात्र ते मान्य नव्हतं. ती पुढे आली. "साहेब, ते लाकूड आमच्या आजसासऱ्याच्या घरचं होय जी. चोरीचं नोहे."

"पास आहे?"

"घराच्या लाकडाले कुठचा पास जी?"

"घराला लागत नाही, बाई. गाडीला लागतो."

"घरच होतं न ते! त्याचीच तं गाडी केली."

साहेब टोपी घालू लागले. शिक्का मारला नसता तर त्या लाकडाकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. शिक्का मारला आणि ते चोरीचं झालं. हे कोणाला समजावून सांगणार? तिच्याकडे पाहवेना म्हणून मी दुसरीकडे तोंड केलं.

डेपोपर्यंत गाडी न्यायची कशी, हा प्रश्न निघाला. बैल त्या दिवशी शेतात होते. साहेब म्हणाले, "चालते का ही?"

"चालते जी."

"मग चालवत आण. सरकारजमा मालाला नोंदणी लागत नाही."

अशी ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली. इस्तारीनं कुबडी पेटीत टाकली आणि गोकुळाला म्हणाला, "बस."

"कायले?"

"बस म्हनतो न. एक डाव बस."

ती पेटीत बसली. मला पुढे त्याच्या बाजूला फळीवर बसवलं. साहेबांची सायकल मागे राहिली. इंजिन असं सुरेख चाललं म्हणता! चढावर दम लागला नाही, नाल्यात घसरली नाही. वळणावर इस्तारीनं भोंगा वाजवला. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, तरी वाजवला, कारण वळणावर वाजवायचा असं इन्स्पेक्टरांनी सांगितलं होतं. ढिवरांच्या बाया बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. आरशात मला गोकुळा दिसत होती. दोन्ही हातांनी पेटी धरून बसली होती, आणि डोक्यावर काही नव्हतं. पदर उडून गेला होता आणि तिनं तो सावरला नाही.

तीन मैल संपायला किती वेळ लागतो? डेपोच्या फाटकात इस्तारीनं इंजिन बंद केलं.

हमाल कुऱ्हाडी घेऊन पुढे आले. इस्तारी म्हणाला, "कुऱ्हाड नोको लावू, बापू. मी सोडून देतो." साहेबांनी मान हलवली.

तो जमिनीवर बसला आणि एकेक नट सोडू लागला. घाई नाही, राग नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट तेलाच्या चिंधीनं पुसायचा आणि त्याचा नट त्यालाच लावून बाजूला ठेवायचा. "भाऊ, तो लहान पाना द्या," म्हणायचा, मी द्यायचो. "भाऊ, हे धरा." मी धरायचो. आम्ही दोघं दुपारभर तेच करत होतो. मी त्याला एकदा म्हणालो, "इस्तारी, मले माफ कर." त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. त्याच्या दातांत वायसर होता.

लाकडं मोकळी झाली तेव्हा साहेबांनी शिक्क्याच्या तुळईकडे बोट दाखवलं. "हे असं डेपोत ठेवता यायचं नाही. उद्या वरचे साहेब आले तर विचारतील. छिलून काढ, मनसाराम."

मी रंदा आणला. दोनदा ओढला, दोन्ही वेळा अडकला. इस्तारीनं हात पुढे केला.

"आना इकडं," तो म्हणाला. "लाकूड खराब करसान."

त्यानं रंदा घेतला, पातं थोडं ठोकून बसवलं आणि लांब हात मारला. नंबर निघाला, मग खूण निघाली, मग खुणेचा दाब निघाला. तळहात फिरवून पाहिलं, अजून खोलगट लागत होतं म्हणून पुन्हा दोन हात मारले. सागवानाचा वास सुटला. आजाच्या घरात होती तशी ती तुळई झाली, कोरी. मी टेप लावून मापं घेतली आणि पुकारली, गुणवंतरावांनी लिहिली. या वेळी कोणी "झाला" म्हणालं नाही.

इंजिन आणि चाकं घेऊन ती दोघं हमालाच्या बंडीतून घरी गेली. जाताना इस्तारीनं मला रामराम केला. शिवी दिली असती तर मी दोन घास जेवलो असतो. रुखमाबाईनं ताट वाढलं, मी हात धुतला आणि तसाच बसून राहिलो.

तीन दिवसांनी, दिवस नुकता वर आला होता, मी नाक्यावर दात घासत उभा होतो. नाक्याचं आडवं फाटक म्हणजे एक लांब बांबू, टोकाला दगड बांधलेला. बंड्या आल्या की उचलायचा. पायी माणसाला उचलायचा नियम नाही, माणसं खालून वाकून जातात. मोहटोल्याच्या ढिवरणी रोज तशाच जायच्या. डोक्यावरची टोपली एका हातानं धरायची, गुडघ्यात वाकायचं, मान ताठ ठेवून पलीकडे निघायचं. इतकी वर्षं मी ते रोज पाहत होतो आणि कधी पाहिलं नव्हतं.

गोकुळा सगळ्यांत पुढे होती. टोपलीतून पाणी तिच्या कानावर गळत होतं. फाटकापाशी येऊन ती वाकायला लागली, आणि मी तोंडातली काडी टाकून दोर सैल सोडला. बांबू वर गेला.

ती थांबली. "कायले उचलता भाऊ? मी तं रोजच वाकून जातो."

"आज नोको वाकू, बाई."

ती सरळ चालत फाटकातून गेली. तिच्या मागे तिच्या वस्तीतल्या सहा-सात जणी होत्या, डोक्यावर टोपल्या घेऊन मागेपुढे येत होत्या. शेवटची म्हातारी फार मागे राहिली होती. ती येईपर्यंत मी दोर धरून उभा राहिलो.